चालत्या ट्रेलरमधला गॅसचा फ्रिज: प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

मागच्या ऑक्टोबरात घेतलेला २०११ सालचा ट्रेलर न्यू जर्सीतल्या एडिसन गावातील आमच्या घरासमोर हिवाळाभर ताडपत्रीखाली उभा होता. आज ताडपत्री काढली. मेअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत, तो पिकअपला जोडून व्हर्जिनिया बीचजवळच्या फर्स्ट लँडिंग स्टेट पार्कमध्ये न्यायचा बेत आहे. अंतर सव्वातीनशे मैलांच्या आसपास, म्हणजे ट्रेलर ओढत आणि थांबे धरून सात तासांचा प्रवास. सांगलीहून आई आलेली आहे. तिच्या इन्सुलिनची न उघडलेली पेने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजेत, त्यामुळे ट्रेलरमधला फ्रिज हा या खेपेला नुसता दही-कोथिंबिरीचा प्रश्न उरलेला नाही.

फ्रिज सहा घनफुटांचा, म्हणजे साधारण १७० लिटरचा आहे. तो १२० व्होल्टच्या विजेवर चालतो किंवा प्रोपेन गॅसवर. रस्त्यावर १२० व्होल्ट मिळत नाहीत, म्हणजे गॅस उरतो, आणि गॅस म्हणजे फ्रिजच्या पाठीमागे ताशी साठ मैलांनी धावणारी एक उघडी ज्योत. ज्या गृहस्थांनी ट्रेलर विकला त्यांनी, "आम्ही नेहमी चालूच ठेवायचो, कधी काही झालं नाही," असे सांगितले होते. त्यांच्या शब्दावर अविश्वास नाही, पण कधी काही झाले नाही एवढ्या आधारावर आईला गाडीत बसवून निघण्याची माझी तयारी नाही. तेव्हा ज्योत पेटती ठेवावी की नाही, ठेवल्यास कोणत्या अटींवर आणि न ठेवल्यास थंडावा कसा टिकवावा, हे सहा आठवड्यांत तपासायचे आणि येथे नोंदवत जायचे असे ठरवले आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज अवजारांना हात लावला नाही. यंत्र कसे चालते ते नीट समजून घेतले.

या फ्रिजला कॉम्प्रेसर नाही आणि त्याच्या शीतचक्रात हलणारा एकही भाग नाही. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकत असताना बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोघांनी १९२२ मध्ये ही रचना शोधून काढली. कायमच्या बंद केलेल्या पोलादी नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालच्या बॉयलरमध्ये अमोनिया विरघळलेले पाणी ज्योतीने तापते आणि बुडबुड्यांच्या जोरावर वर चढते. वेगळी झालेली अमोनियाची वाफ वरच्या जाळीत निवून द्रवरूप होते. हा द्रव हायड्रोजन असलेल्या नळीत उतरला की तेथे त्याचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणातला त्याच्या वाट्याचा दाब, कमी असल्यामुळे पुन्हा वाफ होऊ लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रिजच्या आतून उचलतो. मग पाणी त्या अमोनियाला शोषून घेते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. आग लावून गारवा मिळवायचा हा प्रकार आईला समजावून सांगितला, तेव्हा तिने, "म्हणजे आधणाच्या पातेल्यावर बर्फ लावायचा," एवढेच म्हटले, आणि माझ्या परिच्छेदापेक्षा ते बरे होते.

हे सारे गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालते, म्हणून ट्रेलर उभा असताना तो समतल असावा लागतो. आमच्या माहितीपुस्तिकेत एका दिशेने ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंश इतकीच सूट आहे. तिरक्या ट्रेलरमध्ये द्रव नळीच्या एखाद्या वळणात साचून राहतो, बॉयलर नको तेवढा तापतो, आणि नळ्यांना आतून गंज लागू नये म्हणून घातलेले सोडियम क्रोमेट तेथेच घट्ट बसून वाट कायमची बुजवते. धावताना मात्र रस्ता सारखा चढत, उतरत, कलत असल्यामुळे द्रव एका जागी साचत नाही. म्हणजे चालत्या गाडीत शीतयंत्रणेचे नुकसान होईल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. धोका असलाच तर तो ज्योतीत आणि तिला गॅस पुरवणाऱ्या नळीत आहे, आणि शोध तेथेच घ्यायचा आहे.

१९ एप्रिल २०२५, शनिवार

ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या वर, फ्रिजच्या पाठीमागची जाळीदार झडप आहे. दोन खिट्ट्या फिरवून ती काढली. बर्नरवरचे पत्र्याचे झाकण एका स्क्रूवर होते. ते सोडवताच तळहातावर गंजाच्या पापुद्र्यांचा चहाचा चमचाभर चुरा पडला आणि त्यात कोळ्याच्या जाळ्याचा करड्या कापसासारखा गोळा होता. बर्नरच्या नळीत शिरणारी हवा त्या गोळ्याने अर्धीअधिक अडवली होती. अशा बर्नरची ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढवते. ज्योत पाहण्याआधी हे दिसले ते बरे झाले.

बर्नर, धुराडे आणि त्यातील पिळाची पट्टी, तिन्ही बाहेर काढून मऊ ब्रशने झाडले. गॅसचे बारीक छिद्र असलेला जेट मात्र तारेने खरवडला नाही, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी ज्योतीचे सारे गणित बिघडते. तो अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवला आणि तसाच वाळू दिला. पाठीमागच्या नळ्यांवर पिवळी पूड कोठे आहे का हे विजेरीने बघितले. क्रोमेटचा तसा डाग दिसला किंवा अमोनियाचा झणका आला तर यंत्रणा फुटली असे समजायचे असते. सुदैवाने दोन्ही नव्हते.

ही तपासणी मी मुद्दाम सावकाश केली. एका मोठ्या उत्पादकाने २००६ मध्ये, एप्रिल १९९७ ते मे २००३ या काळात बनवलेले नऊ लाखांहून अधिक फ्रिज परत तपासणीसाठी बोलावले होते, कारण बॉयलरच्या नळीला थकव्याने तडा जाऊन ज्वलनशील द्रावण बाहेर येण्याचा व आग लागण्याचा संभव होता. आमचा फ्रिज त्या काळातला नाही, तरीही त्याचा आणि ट्रेलरचा क्रमांक एनएचटीएसए या वाहनसुरक्षा संस्थेच्या यादीत तपासून पाहिला. काही थकीत नाही.

फ्रिजची बाहेरची खोली आणि आतली राहायची जागा यांच्यामध्ये वाऱ्याला वाट असता कामा नये. वायरी आत शिरतात तेथे बोटभर फट सापडली आणि ती उष्णता सोसणाऱ्या सीलंटने भरली. संध्याकाळी गॅस सुरू करून पेटवून पाहिले: ठिणगीची टकटक, मग फुसकन आवाज, आणि निळी, कडक, घुमणारी ज्योत.

२० एप्रिल २०२५, रविवार

आज गॅसचा मार्ग तपासला. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर वीस-वीस पौंडांचे दोन सिलिंडर आहेत. त्यांच्यातील द्रवरूप प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, त्यामुळे येथील हिवाळ्यातही दाब मिळतो. महाराष्ट्रातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन मिसळलेले असते आणि ते शून्याच्या जरा खालीच उकळायचे थांबते, त्यामुळे तो गॅस न्यू जर्सीच्या जानेवारीत रुसून बसला असता. रेग्युलेटरनंतरचा दाब मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे. तिकडे पाण्याच्या स्तंभाचे सुमारे ३०० मिलिमीटर, इकडे ११ इंच, म्हणजे २८० मिलिमीटर. गॅसला वास यावा म्हणून मिसळलेला मरकॅप्टनही तोच, त्यामुळे नाकाला नवे काही शिकावे लागत नाही.

पारदर्शक नळीत पाणी भरून इंग्रजी यू अक्षरासारखा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचे साधन, करून तो शेगडीच्या जेटला जोडला. दाब ११ इंच दिसला. सिलिंडरची झडप बंद करून, दाब थोडा उतरवून मी पाच मिनिटे पाण्याच्या रेषेकडे पाहत बसलो. ती पाव इंच खाली आली. पाव इंच ऐकायला किरकोळ आहे, पण बंद मार्गात ती रेषा हलताच कामा नये.

मग साबणाचे पाणी घेतले. अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण पितळेला आणि तांब्याला खातो, म्हणून डबीवरची घटकयादी वाचून साधा साबण निवडला. एकेका सांध्यावर ब्रशने फेस लावत गेलो. फ्रिजच्या मागे, तांब्याची नळी झडपेला मिळते त्या जोडावर, राईएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि बरोबर त्याच ठिकाणी पुन्हा आला. लहानपणी सिलिंडर आणणारा माणूस रेग्युलेटर लावून झाल्यावर थेंबभर पाणी टाकून असेच पाहायचा, त्याची आठवण झाली. दोन पाने लावून, एकाने झडप धरून आणि दुसऱ्याने नट पाव फेरा आवळून, तो जोड बसवला. या फ्लेअर जोडावर धागा किंवा लेप लावायचा नसतो. धातूवर धातू बसूनच तो बंद होतो. नंतर मॅनोमीटरची रेषा पाच मिनिटे जागची हलली नाही.

फरशीलगतचा गॅसशोधक मागच्या लेबलावरील तारखेनुसार केव्हाच बाद झालेला निघाला. तो बदलला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणून शोधक तळाशीच असतो. कोणी तो डोक्याच्या उंचीवर बसवला तर गॅस शोधून होईपर्यंत फार उशीर झालेला असेल.

२६ एप्रिल २०२५, शनिवार

ट्रेलर जॅकवर घेऊन, ठोकळे लावून, खाली शिरलो. गॅसची मुख्य लोखंडी नळी चाकांच्या अगदी आतल्या बाजूने जाते. तिच्या आणि टायरच्या मध्ये चार बोटांचे अंतर आहे. महामार्गावर टायर फुटला तर सुटलेली पट्टी चाबकासारखी गरगरत फरशीखालचे सारे फोडत जाते. आधीच्या मालकाच्या काळात तसे झाल्याची खूण म्हणून चाकाच्या कमानीतील पत्र्यावर एक जुने ठिगळ आहे. त्या वेळी नळी बचावली.

नळी तुटली तर सिलिंडरच्या नटमधील अतिप्रवाह झडप आपोआप बंद होईल, असे बरेच जण मानून चालतात. आमचे नट हिरवे आहेत, म्हणजे ताशी २,००,००० बीटीयूपर्यंतचा (बीटीयू हे उष्णता मोजायचे एकक) प्रवाह ते रीतसर वापर समजून जाऊ देतात. फ्रिजचा बर्नर ताशी सुमारे १,५०० बीटीयू वापरतो, म्हणजे शंभराव्या हिश्शाहूनही कमी. समजा, चिरलेल्या नळीतून ताशी ६०,००० बीटीयू इतका गॅस बाहेर पडला, म्हणजे फ्रिजच्या गरजेच्या चाळीसपट, तरी त्या झडपेला त्यात वावगे काही दिसणार नाही. शिवाय मधला रेग्युलेटर स्वतःच प्रवाह आवळून धरतो, त्यामुळे नळी पूर्ण तुटली तरी झडप लागेल याची खात्री देता येत नाही. नटचा प्लास्टिकचा भाग आगीच्या आचेने वितळला की सिलिंडर बंद होतो, ही सोय खरी आहे, पण ती आग लागल्यानंतरची.

याच्या विरुद्ध बाजूला फायदा किती ते मांडून पाहिले. सात तास बर्नर अखंड चालला तरी १०,५०० बीटीयू लागतील. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात आणि गॅलनचे वजन ४.२ पौंड, तेव्हा हा खर्च जेमतेम अर्ध्या पौंडाचा. अर्ध्या पौंडासाठी चाळीस पौंडांच्या साठ्याची तोंडे सात तास उघडी ठेवायची, आणि तीही चाकापासून चार बोटांवरून जाणाऱ्या नळीच्या भरवशावर. हा हिशेब कागदावर उतरल्यापासून माझा कल ज्योत बंद ठेवण्याकडे झुकला आहे. तरीही चाकांजवळच्या नळीवर दोन फूट लांबीचे जाड पत्र्याचे पन्हाळे क्लॅम्पने बसवले, कारण मुक्कामी गॅस लागणारच आहे आणि रस्त्यात नळी चेपली तर तिथे गेल्यावर त्रास होईल.

४ मे २०२५, रविवार

मार्ग ठरवला. नेहमीच्या सवयीने आय-९५ हा महामार्ग धरला असता तर बाल्टिमोरला बोगदे आडवे येतात. हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल या दोन्हींत एका भांड्यात १० पौंडांहून अधिक प्रोपेन असलेल्या वाहनांना मनाई आहे, मग झडप बंद असो की उघडी. असली वाहने पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हापासून त्यांना शहराच्या पश्चिमेकडून ६९५ क्रमांकाच्या वळणरस्त्याने जावे लागते.

आम्ही बाल्टिमोर टाळून डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडणार आणि पुढे द्वीपकल्पातून यूएस-१३ ने दक्षिणेला चेसापीक बे ब्रिज-टनेलपर्यंत जाणार. चेसापीक उपसागराच्या मुखावरचा १९६४ साली सुरू झालेला हा साडेसतरा मैलांचा मार्ग मध्ये दोनदा पाण्याखाली, मैलमैलभर बोगद्यांत उतरतो. तेथे प्रत्येकी ४५ पौंडांपर्यंतचे दोन सुटे सिलिंडर चालतात, मात्र झडपा बंद असाव्या लागतात. म्हणजे ज्योत चालू ठेवायची असे ठरवले असते, तरी या मार्गावर ती मध्येच विझवावीच लागली असती.

१० मे २०२५, शनिवार

विजेचा पर्याय तपासला आणि दुपारपर्यंत निकालात काढला. फ्रिजची तापकांडी १२० व्होल्टवर ३२५ वॉट घेते. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरने ती चालवली तर इन्व्हर्टरची गळती धरून सुमारे ३० अँपिअर ओढले जातात. पिकअपच्या सात काट्यांच्या प्लगमधून चालत्या इंजिनवर बॅटरीत किती येतात ते क्लॅम्प मीटर लावून मोजले तर ६ अँपिअर भरले. २४ अँपिअरची तूट, आणि १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मेच काढणे शहाणपणाचे, म्हणजे दोन तासांत खेळ आटोपला. जाड वायर ओढून, चार्जर बसवून हे सुधारता येईल. कॉम्प्रेसरवर चालणारा १२ व्होल्टचा फ्रिज घेतला तर हा सगळा प्रश्नच मिटेल. पण त्या खर्चाचा विचार पुढच्या वर्षी.

१७ मे २०२५, शनिवार

आजची चाचणी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगाची ठरली: फ्रिज पूर्ण गार करून, भरून, बंद ठेवला तर किती वेळ तग धरतो? चार आठवडे नळ्या धुंडाळण्याआधी हेच करायला हवे होते, हे कबूल करतो.

सुरुवातीलाच एक फजिती झाली. सिलिंडरची झडप बंद करून नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल याची वाट पाहत मी फ्रिजमागे पाटावर बसलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली, पंचवीस झाली, तरी ज्योत आपली निळीशार. मग लक्षात आले की रेग्युलेटर आपोआप पालटणारा आहे. मी डावा सिलिंडर बंद केला आणि त्याने मुकाट्याने उजव्यातून गॅस घ्यायला सुरुवात केली. रेग्युलेटरच्या खिडकीतली हिरवी खूण लाल झाली होती, ती मी पाहिलीच नव्हती. "गॅस बंद केला" असे मनाशी म्हणून मी असाच रस्त्याला लागलो असतो. दोन्ही झडपा बंद केल्यावर काही मिनिटांत ज्योत पिवळट, आखूड होत विझली, आणि लगेच ठिणगीची टकटक सुरू झाली, कारण पॅनेलवरचे बटण चालूच होते आणि यंत्र पुन्हा पेटवायचा प्रयत्न करीत होते.

ही टकटक महत्त्वाची आहे. पेट्रोल पंपावर धोका ज्योतीचा जितका, तितकाच या ठिणगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि जमिनीलगत पसरते. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडते. फ्रिजची हवा ओढणारी जाळी गुडघ्याच्या उंचीवर आहे. सिलिंडर बंद पण पॅनेल चालू, अशा अवस्थेत ठिणग्या पडत राहतात. उलट पॅनेल बंद पण सिलिंडर उघडा ठेवला तर ज्योत व ठिणगी दोन्ही जातात, पण फाटलेल्या नळीची भीती कायम राहते. म्हणून क्रम असा ठरवला: आधी दोन्ही सिलिंडर, मग ज्योत विझेपर्यंत थांबायचे, मग पॅनेल.

आता चाचणी. बाहेर २४ अंश. पहिल्या फेरीत फ्रिज २.५ अंशांवर असताना बंद केला, आत दूध, दही, भाज्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या, आणि दार अजिबात उघडले नाही. सहा तासांनी मधल्या कप्प्यात ६.८ अंश. अमेरिकी कृषी खात्याची मर्यादा ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४.४ सेल्सिअस, ती चौथ्या तासाच्या आसपास ओलांडली गेली.

१८ मे २०२५, रविवार

दुसरी फेरी. घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवलेल्या लिटर-लिटरच्या चार बाटल्या वरच्या कप्प्यात, गारवा देणाऱ्या पंखांच्या पत्र्याजवळ आडव्या ठेवल्या. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे चार किलोंमागे सुमारे ३७० वॉट-तास. फ्रिजच्या भिंतींतून आणि दाराच्या रबरातून ४० वॉट उष्णता आत येते असा अंदाज धरला, तर ही शिदोरी नऊ तास पुरायला हवी. सात तासांनी मोजले तेव्हा मधल्या कप्प्यात ४.१ अंश होते, आणि बाटल्यांच्या मधोमध अजून मनगटाएवढा बर्फ शिल्लक होता. मध्ये एकदा, प्रवासातल्या जेवणाची नक्कल म्हणून, दार अर्धा मिनिट उघडले होते.

निर्णय झाला. प्रवासात गॅस बंद. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळपासून फ्रिज घरच्या विजेवर गार करायचा, आत भरायचे ते आधीच गार केलेले भरायचे, आणि बाटल्या निघताना ठेवायच्या.

इन्सुलिन मात्र या फ्रिजमध्ये ठेवायचे नाही असे आईशी बोलून ठरवले. गोठलेल्या बाटलीला टेकलेले पेन गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते, मग ते दिसायला ठीक का असेना. पेने टॉवेलात गुंडाळलेल्या जेलच्या पिशवीसह छोट्या थंडाव्याच्या डब्यात, थर्मामीटरसकट, पिकअपमध्ये आईच्या पायाशी राहतील. "माझं औषध माझ्याजवळच बरं," असे तिचे म्हणणे होतेच.

२४ मे २०२५, शनिवार

पहाटे ४:५० ला फ्रिज २.२ अंशांवर. काल तो विजेवर होता, त्यामुळे ज्योतीचा प्रश्नच नव्हता. तरी दोन्ही झडपा हाताने फिरवून पाहिल्या, पॅनेल बंद केले, वीज काढली. ५:१५ ला निघालो.

न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरता येत नाही, कर्मचारी भरतो. पंपावरच्या मुलाने ट्रेलरकडे बोट दाखवून गॅस बंद आहे का असे विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत नोझलला हात लावला नाही. मला तो मुलगा आवडला.

यूएस-१३ वर वारा आडवा होता. ज्योत चालू असती तर अशा वाऱ्यात ती विझत, ठिणगी उडत, पुन्हा पेटत राहिली असती. साडेदहाला एका पिठल्या-भाकरीच्या थांब्यासाठी दार एकदाच उघडले: ३.४ अंश. ब्रिज-टनेलच्या पथकर नाक्यावर प्रोपेनबद्दल विचारणा झाली. मी उतरून दोन्ही झडपा दाखवल्या आणि मिनिटभरात पुढे सोडले गेले. पहिल्या बोगद्यात शिरताना आईने डब्याचे झाकण किलकिले करून थर्मामीटर पाहिला आणि "पाच," असे जाहीर केले.

मुक्कामी पोचलो तेव्हा १२:४० झाले होते. फ्रिज ४.२ अंशांवर, बाटल्यांत बर्फाचे तुकडे खुळखुळत होते. आधी ट्रेलर समतल केला, पाणसळ फ्रिजच्या तळावर ठेवून पाहिली, मगच विजेचा प्लग लावला.

२७ मे २०२५, मंगळवार

परतीचा प्रवास काल झाला. सुट्टीच्या शेवटच्या दिवसाची गर्दी असल्यामुळे आठ तास वीस मिनिटे लागली आणि दार तीनदा उघडले गेले. घरी पोचल्यावर मधल्या कप्प्यात ५.६ अंश निघाले. मर्यादा केव्हा ओलांडली ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून दूध आणि उरलेली अंड्यांची भाजी टाकून दिली. दही, लोणचे, कोथिंबीर ठेवली. पार्कमध्ये असताना आमच्याच फ्रिजच्या फ्रीजरमध्ये, म्हणजे वरच्या खणात, चार बाटल्या रात्रभरात पुऱ्या गोठल्या नव्हत्या. मधोमध पाणीच होते. पुढच्या खेपेला परतीच्या आदल्या दिवशी दुकानातून बर्फाची पिशवी घ्यायची, जेवणाचे सामान वेगळ्या डब्यात ठेवायचे, आणि तापमानाची नोंद दर दहा मिनिटांनी घेणारा थर्मामीटर फ्रिजमध्ये टाकायचा.

ट्रेलरखाली पुन्हा शिरून पाहिले. नळीवरचे पन्हाळे जागेवर आहे, पण मागच्या क्लॅम्पचा नट दोन फेरे ढिला झालेला होता. लॉक वॉशर घालून आवळला. मॅनोमीटर लावला: ११ इंच, पाच मिनिटे रेषा स्थिर.